थेंब डोळ्यात, चव घशात

प्रश्न : आईला काचबिंदू आहे. रात्री थेंब घातले की डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं, मग घशात कडू लागतं. औषध वाया गेलं म्हणून ती लगेच आणखी एक थेंब घालते. न झोंबणारं औषध बनत नाही का? आणि आत किती पोचतं, हे तुम्हाला कसं कळतं?

उत्तर : औषध वाया जातं हे आईंनी बरोबर ओळखलं, पण दुसऱ्या थेंबाने तेच वाढतं. पापणीच्या आत कशीबशी ३० मायक्रोलिटर (मिलीलिटरचे हजारावे भाग) जागा, आणि थेंब एकटाच ३० ते ५० चा. उरलेलं गालावर, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात. कडू लागतं ते त्यामुळे.

मी नोकरीची सगळी वर्षं थेंबांची औषधं बनवण्यात घालवली. सुरुवातीला मलाही वाटायचं, थोडं झोंबलं तर काय बिघडलं? बिघडतं! झोंबलं की पाणी येतं, पाण्याबरोबर औषध जातं. अश्रूंचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (७ च्या खाली आंबट), ७.४ च्या आसपास. पण कित्येक औषधं आंबट द्रावणातच विरघळून टिकतात. मग द्रावण किंचित आंबट ठेवायचं, पण अश्रूंनी ते चटकन सावरावं इतपतच.

खरी डोकेदुखी बेन्झाल्कोनियम क्लोराइडची. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून हे घालतात, पण वर्षानुवर्षं वापरलं तर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर दुखावतो. काढून टाका म्हणणं सोपं. तोच थर सैल करून ते काही औषधांना आत शिरायला मदतही करतं! म्हणून ते काढलं की औषध आत पोचतंय का, हे पुन्हा मोजणं आलं.

मोजमाप आधी सशांवर व्हायचं. पण ससा तासाला मोजक्याच वेळा पापणी मिटतो, त्यामुळे औषध त्याच्या डोळ्यात जास्त रेंगाळतं. माणसांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची संधी साधतात. रुग्णाच्या संमतीने आधी ठरल्या वेळी थेंब घालायचा आणि शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला कॉर्नियामागचं पाणी सुईने जेमतेम ०.१ मिली काढायचं. एका रुग्णाकडून एकाच क्षणाचा आकडा मिळतो. औषध वेळेगणिक आत किती असतं, याचा आलेख पुरा व्हायला पुष्कळ माणसं लागतात. एवढं करून हाती येतं काय, तर थेंबातलं ५ टक्क्यांहूनही कमी औषध आत गेलेलं असतं.

आईंना सांगा, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबायचा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. बेन्झाल्कोनियमसारखं प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने काही बंद करू नका. थेंब टिमोलॉल या काचबिंदूच्या औषधाचे असतील आणि आईंना दमा असेल, तर मात्र डॉक्टरांना आजच कळवा. नाकावाटे रक्तात गेलेलं तेवढं औषधही दम लागायला पुरतं.