लेस्टरच्या शाळेत मदतीला जायचंय? बडोद्यातूनच तयारीला लाग

तुझं पत्र मिळालं. नवऱ्याला इंग्लंडात लेस्टरला नोकरी लागली, तू डिपेंडंट व्हिसावर येणार, लेक पाच वर्षांची. होम सायन्स करून इतकी वर्षं बालवाडीत काढल्यावर इथे नुसतं घरी बसायची तुझी तयारी नाही. 'मावशी, पगार नको, पण एखाद्या प्राथमिक शाळेत मुलांमध्ये काम मिळेल का?' असं विचारलंस. मिळेल गं. तुझ्यासारखी बाई इथल्या शाळांना हवीच असते.

आधी कागदांचं बघू, कारण सगळं तिथेच अडतं. तुझ्या व्हिसावर नोकरी करता येते, तेव्हा विनावेतन मदतीलाही अडचण नाही. शाळा तुझी डीबीएस करून घेईल. ही गुन्ह्यांच्या नोंदींची इथली सरकारी तपासणी, आणि मुलांमध्ये वावरणाऱ्यांसाठी तिचा एन्हान्स्ड प्रकार असतो. स्वयंसेवकांना तिची सरकारी फी पडत नाही. पण त्यात इथल्या नोंदी दिसतात, बडोद्यातल्या दिसत नाहीत. म्हणून नव्याने आलेल्या माणसाकडे शाळा बहुधा भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागते. ते निघण्याआधीच काढ. पासपोर्ट सेवेच्या साइटवर अर्ज करायचा आणि बडोद्याच्या केंद्रात अपॉइंटमेंट घ्यायची. पासपोर्टवर अजून माहेरचा पत्ता असेल तर तोही आत्ताच बदलून घे. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलीस ते महिन्यांसकट लिहून ठेव, डीबीएसच्या फॉर्मवर सगळे पत्ते लागतात. बालवाडीच्या मुख्याध्यापिकांना सांगून ठेव की इंग्लंडहून तुझ्याबद्दल विचारणारा ईमेल येईल, त्याला उत्तर द्या. नुसतं शिक्का मारलेलं सर्टिफिकेट इथे फारसं चालत नाही, शाळा स्वतः विचारून खात्री करते.

आता तू शाळेला का हवी आहेस ते. तुला वाटत असेल, आपलं इंग्रजी बरं आहे आणि बालवाडीचा अनुभव आहे म्हणून. ते आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलीस. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि दोन्ही आपलीच. लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागात फिरलीस तर दुकानांत, बसस्टॉपवर गुजराती ऐकू येईल. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी आहे, आणि दीव-दमणकडून आलेली कुटुंबंही बरीच आहेत. त्यांतलं एखादं मूल इंग्रजीचा एकही शब्द न येता वर्गात बसतं. त्याला तहान लागली, पोटात दुखलं, कुणी ढकललं, काही सांगता येत नाही. अशा मुलाच्या शेजारी बसून तू हळूच 'शुं थयुं, बेटा?' म्हणालीस की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आठवडाभर गप्प असलेल्या एका पोराने मला एका दमात आपल्या बकरीची सगळी हकीकत सांगितली होती. बाईंना त्या दिवशी कळलं की हा मुलगा मुका नाही, हुशार आहे. म्हणून शाळेला ईमेल करशील तेव्हा गुजराती, हिंदी, मराठी बोलता येतं हे पहिल्या ओळीत लिही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, इथे त्याला फार किंमत आहे.

सुरुवातीला काम बहुतेक मुलांचं वाचन ऐकायचं मिळतं. वर्गाबाहेर दोन छोट्या खुर्च्या टाकलेल्या असतात. एकेक मूल आपलं पुस्तक आणि वाचनाची वही घेऊन येतं. ते वाचतं, तू ऐकतेस, अडलं तर थांबतेस, आणि शेवटी वहीत दोन ओळी लिहितेस. इथे मुलांना अक्षरांची नावं नंतर आणि आवाज आधी शिकवतात, त्याला फोनिक्स म्हणतात. पहिलीच्या (इथल्या 'यिअर वन'च्या) शेवटी, जूनमध्ये, त्याची सरकारी चाचणीही असते. आपल्याकडे 'क' म्हणताना 'अ' आपोआप येतो. इथे तो चालत नाही. मुलाने 'कॅट' जोडायचं तर 'क्', 'ॲ', 'ट्' असे तुटक, पाय मोडलेले आवाज हवेत. 'क-ॲ-ट' म्हटलं की मूल गोंधळतं. 'व्ही'ला वरचे दात ओठावर आणि 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू, हेही आत्ताच घरात लेकीबरोबर घोटून घे. तिलाही उपयोग होईल, कारण बडोद्यात ती केजीत असली तरी इथे वयानुसार बहुधा पहिलीत बसेल.

वागण्याचे नियम मात्र आपल्या सवयीच्या अगदी उलट. मूल रडलं की आपण मांडीवर घेतो, गालगुच्चा घेतो, पर्समधून गोळी काढून देतो. इथे यांतलं काही करायचं नाही. दार लावलेल्या खोलीत एकट्या मुलाबरोबर बसायचं नाही, शौचाला न्यायचं नाही, मोबाइल बाहेर काढायचा नाही, फोटो तर नाहीच. आधी हे कोरडं वाटेल. पण यामागे मुलांची काळजी आहे, आणि मला तो विचार मनापासून पटतो.

सगळ्यात जपायची गोष्ट पुढची. वाचता वाचता मूल कधी घरातलं बोलून जातं. मार बसला, कुणी घाणेरडं वागलं, घरी खायला नव्हतं. अशा वेळी 'कुणाला सांगणार नाही हं' असं वचन चुकूनही द्यायचं नाही. खोदून प्रश्नही विचारायचे नाहीत. शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळा सोडायच्या आधी, त्याच दिवशी, सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, प्रमुखांना सांगायचं. प्रत्येक शाळेत त्यासाठी एक नेमलेली व्यक्ती असते, पहिल्या दिवशीच तिचं नाव विचारून घे. आणि गुजरातीतून कळलेली गोष्ट असेल तर तुझी जबाबदारी जास्त, कारण ती ऐकणारी कदाचित तूच एकटी असशील.

यातलंच दुसरं टोक म्हणजे आपला समाज. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. रविवारी मंदिरात एखादी आई विचारेल, 'माझा पोरगा कसा वाचतो गं? आणि अमकीची मुलगी?' आपल्या रावपुऱ्यात ओट्यावर बसून असं सहज बोललं जातं. इथे हसून 'बाईंना विचारा' एवढंच म्हणायचं, जवळच्या मैत्रिणीलाही.

लेकीच्याच वर्गात जायचा हट्ट धरू नकोस. बहुतेक शाळा पालकांना दुसऱ्या वर्गात पाठवतात, आणि ते बरंच आहे. शाळा तुला दिवाळीला रांगोळी काढायला बोलावेल, जरूर जा, पण तेवढ्यावर थांबू नकोस. आठवड्यातली एक सकाळ ठरवून माग आणि ती पाळ. मुलं वाट बघतात. मार्चमध्ये वर्ल्ड बुक डे असतो, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी गावोगाव पेट्यांतून फिरती वाचनालयं पाठवली ती गोष्ट सांग. पेटीतून पुस्तकं येतात हे ऐकून मुलांचे डोळे केवढे होतात!

पगाराचा विचार पुढे डोक्यात आलाच तर वर्षभराच्या कामाच्या शिफारशीवर टीचिंग असिस्टंटचा कोर्स कर. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या आणि त्यांनाही काही करावंसं वाटलं, तर त्यांना वेगळा नियम आहे: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण 30 दिवसांपर्यंतच.

शाळेला ईमेल जूनअखेरीला कर. लेस्टरच्या शाळांची उन्हाळी सुट्टी इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांच्या आधी, साधारण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लागते, आणि ऑगस्टअखेरीला शाळा पुन्हा भरते. त्याआधी उत्तर आलं तर नव्या शालेय वर्षाच्या पहिल्या महिन्यापासून तुझी सकाळ ठरेल. ईमेलचा मसुदा आधी मला पाठव, मी बघून देते.