वाचकांचे प्रश्न: बंदीकाळ, बॅक्टेरिया आणि दिव्यांचा प्लांट

प्रश्न: मिरकरवाडा बंदराजवळ आमचं कोळंबी-म्हाकूळ साफ करून पॅक करायचं छोटं युनिट आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काम थांबतं, ईटीपीतले (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधले) घाण खाणारे बॅक्टेरिया मरतात, ऑगस्टात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक विक्रेता म्हणतो, अतिनील प्रकाशावर चालणारं उत्प्रेरक आणि मेम्ब्रेन (अतिबारीक छिद्रांची गाळणी) असा जोडप्लांट घ्या, बॅक्टेरियाची कटकटच नको. घ्यावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: विक्रेता खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. उत्प्रेरक म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी. तिच्यावर अतिनील प्रकाश पडला की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि बहुतेक सगळ्या सेंद्रिय घाणीचे तुकडे पाडतात. भुकटी इतकी बारीक की लवकर खाली बसत नाही. तिला अडवून पुन्हा वापरायला मेम्ब्रेन. (टिटॅनियमचं खनिज इल्मेनाइट तुमच्या काळबादेवीच्या काळ्या वाळूतच आहे. पण ती वाळू टाकीत ओतू नका, उपयोग नाही!)

अडचण आहे तुमच्या पाण्याची. बादलीत घेऊन बघा: गढूळ, वर तेलाचा तवंग. त्यात प्रकाश शिरणार किती? मिठामुळे आलेलं क्लोराइड रॅडिकलना वाटेतच गाठतं. प्रथिनं आणि चरबी मेम्ब्रेनची छिद्रं बुजवतात. ‘उन्हावर चालेल’ असं तो म्हणाला असेल, तर उन्हात अतिनील जेमतेम ४-५ टक्के, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ऊन तरी कुठे? म्हणजे दिवे आले, वीजबिल आलं. मेम्ब्रेन प्लास्टिकचं असून दिव्यासमोरच असेल, तर तेही झिजतं. सिरॅमिकचं टिकतं, पण महाग.

हा प्लांट शोभतो शेवटच्या टप्प्याला, नितळ पाण्यात औषधांचे किंवा रंगाचे न पचलेले अंश उरतात तिथे. कोळंबी-म्हाकुळाच्या पाण्यातली घाण तर बॅक्टेरिया आवडीने खातात.

तेव्हा त्यांनाच जगवा. आत शिरणाऱ्या पाण्याला चाळणी आणि तेल-चरबी अडवणारा ग्रीस ट्रॅप हवाच. बंदीत टाकीत हवा सोडणारा ब्लोअर पूर्ण बंद न करता रोज थोडा वेळ चालवा, अधूनमधून गुळाचं पाणी आणि किंचित युरिया द्या. टाकीतला गाळ, म्हणजेच बॅक्टेरिया, कमी होईल, मरणार नाही. अगदीच गेला, तर संवर्धनाच्या कोळंबीवर बंदीतही चालू राहणाऱ्या एखाद्या युनिटातून टँकरभर गाळ आणा. तो खाऱ्या पाण्याला सरावलेला असतो.

विक्रेत्याला मात्र एकदम नाही म्हणू नका. ऐन सीझनमधलं तुमचंच पाणी ड्रम भरून द्या आणि आधीचा-नंतरचा सीओडी (पाण्यात सेंद्रिय घाण किती, याचं माप), शिवाय हजार लिटरला किती युनिट वीज लागली, हे लेखी मागा.