कंसातली अवस्था पाठच होत नाही

नागपूरच्या नंदनवनहून आई आणि लेक आल्या होत्या. मुलगी दहावीत, रासायनिक समीकरणं संतुलित करण्यात एकदम तयार. तरी आईच्या चेहऱ्यावर काळजी होती. "तीन महिन्यांपासून पाठ करून राहिली मॅडम, पण कंसातलं एस, एल, जी, एक्यू चुकतेच. हिची स्मरणशक्ती तर कमी नाही ना?" समीकरणात प्रत्येक पदार्थापुढे कंसात त्याची अवस्था लिहायची असते: एस म्हणजे स्थायू, एल म्हणजे द्रव, जी म्हणजे वायू आणि एक्यू म्हणजे पाण्यात विरघळलेला. परीक्षा जवळ आली की हा प्रश्न बरेच पालक विचारतात.

उत्तर वहीतच सापडलं. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाईड यांच्या द्रावणांची अभिक्रिया होती. पिवळ्या लेड आयोडाईडपुढे 'एस' बरोबर होता, पण पोटॅशियम नायट्रेटपुढेही 'एस'. का? "शाळेतल्या बाटलीत ती पांढरी पावडरच तर आहे." स्मरणशक्ती उत्तम होती. लेकराला बाटली आठवत होती, परीक्षानळी डोळ्यांसमोर येत नव्हती.

अवस्था पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. तो त्या वेळी कुठे आहे, यावरून ठरते. म्हणून पाठांतर थांबवलं आणि प्रश्नातल्या शब्दांखाली रेघा ओढायला लावल्या. 'द्रावण', 'विरल' असेल तर एक्यू. 'चूर्ण', 'खिळा', 'फीत' असेल तर एस. 'वाफ' असेल तर जी. हायड्रोजन क्लोराईड वायू असताना जी, तोच पाण्यात गेला की हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे एक्यू. पाणी स्वतः मात्र एक्यू कधीच नसतं, ते द्रव असताना एल. इथे हुशार मुलंही गुण घालवतात.

प्रश्नात काहीच खूण नसेल तर 25 अंश सेल्सिअस धरायचं. त्या तापमानाला द्रव असणारी मूलद्रव्यं दोनच, पारा आणि ब्रोमीन. (नागपूरच्या मे महिन्यात 29.8 अंशांना वितळणारं गॅलियमही टेबलावर पातळ होईल, पण पेपर 25 वरच चालतो.)

खरी अडचण उत्पादितांची: तयार झालेला क्षार पाण्यात विरघळलेला राहतो की तळाशी बसतो? सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे क्षार आणि सगळी नायट्रेटं विरघळतात. क्लोराईडंही विरघळतात, चांदी आणि शिशाची सोडून. सल्फेटांत बेरियम आणि शिसं अडतात. कार्बोनेटं बहुतेक खाली बसतात. एवढं मात्र पाठ हवंच, त्याला पर्याय नाही. आणि समीकरण संतुलित करून झाल्यावरच अवस्थांची वेगळी फेरी मारायची. दोन्ही एकदम करायला गेलं की गोंधळ होतो.

पुढच्या भेटीत निळ्या कॉपर सल्फेटचे स्फटिक तापवण्याचं समीकरण होतं. पाण्यापुढे तिने 'एल' लिहिला, खोडला, 'जी' केला. "नळी तर तापतेय." मग थांबून विचारलं, "पण वर काचेवर थेंब दिसतात, ते?"

ते थेंब म्हणजे नळीच्या थंड भागात निवलेली वाफ. स्फटिकातून बाहेर पडताना पाणी जीच होतं.