खांब परत गेला, वाघनखं मात्र मुदतीवर

वाचकांचे प्रश्न, संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासकांची उत्तरं

एडिंबराच्या संग्रहालयातला, कॅनडातल्या निस्गा या आदिवासी लोकांचा कोरीव लाकडी खांब 2023 मध्ये कायमचा कॅनडात परत गेला. मग लंडनहून साताऱ्यात आलेली वाघनखं तीनच वर्षांसाठी का?
(एक वाचक, सातारा)

दोन्ही संग्रहालयांना लागू असलेले कायदे वेगळे आहेत. वाघनखं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची. त्याचे विश्वस्त 1983 च्या नॅशनल हेरिटेज कायद्याने बांधलेले आहेत आणि संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकण्याची मुभा त्यात फार थोड्या कारणांपुरती आहे. ब्रिटिश म्युझियमला 1963 चा कायदा तसाच आडवा येतो. त्यामुळे या दोन ठिकाणांहून वस्तू येते ती बहुधा मुदतीच्या करारावर. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात विश्वस्तांनी होकार दिला, तिथल्या सरकारने मान्यता दिली आणि खांब मोकळा झाला. नगरपालिकांच्या संग्रहालयांत वाट आणखी सोपी असते. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संग्रहालयातून कॅनडातल्या ब्लॅकफूट आदिवासींचे पुढारी क्रोफूट यांचा पोशाख 2022 मध्ये त्यांच्याच सिक्सिका शाखेच्या लोकांकडे गेला, तो नगर परिषदेच्या निर्णयाने. ग्लासगोने 1999 मध्ये अमेरिकेतल्या लकोटा आदिवासींचा 'घोस्ट डान्स' या धार्मिक नृत्याचा सदरा परत केला आणि 2022 मध्ये सात वस्तू भारताला परत देण्याचा करार केला. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी वस्तूचा कायदेशीर मालक कोण, हे आधी शोधा.

एखाद्या आदिवासी समाजाला युरोपातली आपली वस्तू परत मागायची असेल तर सुरुवात कुठून करावी?
(संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

नोंदवहीपासून. संकेतस्थळावरची यादी अपुरी असते. तिथे समाजाचं नाव चुकलेलं असतं किंवा नुसतंच 'उत्तर अमेरिका' लिहिलेलं असतं. मूळ नोंदवहीच्या पानांच्या आणि खरेदीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती मागा. वस्तू गोळा करणाऱ्याच्या नावाने शोध घ्या, कारण एकाच माणसाने नेलेल्या वस्तू चार-पाच संग्रहालयांत विखुरलेल्या सापडतात.

मग येतो खरा वादाचा मुद्दा: विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का? निस्गा खांब 1929 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मारियस बार्बो यांनी उतरवून नेला आणि एडिंबराच्या संग्रहालयाला विकला. आपल्याला रीतसर विकला गेला, अशी संग्रहालयाची समजूत होती. निस्गांचं म्हणणं असं, की माणसं हंगामी कामासाठी गावाबाहेर असताना तो नेला आणि असा खांब विकण्याचा अधिकार कुणा एकट्याला नव्हताच. म्हणून अर्जात आपल्या समाजातली मालकीची रीत सविस्तर लिहावी: वस्तू कुणाची, ती कुणाकडून कुणाकडे जाते, कुणाच्या संमतीशिवाय ती हलवता येत नाही. संग्रहालयाकडे पावती असेल, पण त्या पावतीचं वजन या माहितीवरच ठरतं.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा दोन घरांनी किंवा दोन गावांनी वेगवेगळा दावा केल्यामुळे. संग्रहालय मग थांबतं, आणि वर्षं जातात. आधी आपसात ठरवा, सगळ्यांच्या सह्या घ्या. वस्तू पाहायला जाणाऱ्या मंडळींचा प्रवास, बांधणी, विमा आणि वाहतूक यांचा खर्च कोण करणार, हेही पहिल्याच पत्रात विचारा. तो निस्गा खांब 11 मीटर उंच आणि सुमारे एक टन वजनाचा. तो कॅनडाच्या हवाई दलाच्या विमानाने न्यावा लागला.

अटी डोळ्यांत तेल घालून वाचा. 1872 च्या सुमारास कोरलेला, कॅनडातल्याच हाइस्ला आदिवासींचा ग्प्सगोलॉक्स नावाचा खांब 1929 मध्ये स्वीडनला गेला. परत देताना स्टॉकहोमच्या संग्रहालयाचा आग्रह होता, की तो नियंत्रित हवेच्या इमारतीत जपला जावा. हाइस्ला रीतीप्रमाणे असा खांब एक दिवस आडवा पडून मातीत मिसळायला हवा. इमारतीसाठी पैसा उभा करण्यात वर्षं गेली आणि खांब 2006 मध्ये पोचला. हाइस्ला कारागिरांनी दोन प्रतिकृती कोरल्या, त्यातली एक स्टॉकहोमला दिली. वस्तू परत द्यायची आणि तिचं काय करायचं हे मात्र संग्रहालयानेच ठरवायचं, ही अट आम्हाला अन्यायाची वाटते. तिच्यावर सही करू नये.

परत आलेला मुखवटा किंवा पोशाख विधीत लगेच वापरता येतो का?
(संवर्धनाचा विद्यार्थी, मुंबई)

तपासणीशिवाय अजिबात नाही. कसर आणि किडे लागू नयेत म्हणून जुन्या संग्रहालयांत कातडं, पिसं, लोकर यांना आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार आणि पुढे डीडीटी लावत. अमेरिकेत होपी लोकांना परत मिळालेल्या विधींच्या वस्तूंवर आर्सेनिक सापडलं होतं. विष नेहमी डोळ्यांना दिसत नाही, आणि कोणत्या वस्तूला काय लावलं याची नोंद क्वचितच ठेवलेली असते.

हातात धरायच्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने आर्सेनिक, पारा, शिसं कळतं. डीडीटीसाठी पुसून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. शिवणी, केसांची मुळं, घड्या आणि अंगाला लागणारी आतली बाजू आवर्जून तपासा. आकडे वाचताना घाई नको. काचमण्यांतच शिसं किंवा आर्सेनिक असू शकतं, हिंगुळाच्या लाल रंगात पारा असतोच. म्हणून मण्यांशेजारचं, रंग नसलेलं कातडंही मोजून तुलना करा. यंत्र विषाचं अस्तित्व सांगतं. अंगावर घातल्यावर शरीरात किती जाईल ते सांगत नाही. धुऊन विष पुरतं निघत नाही, वस्तूची मात्र वाट लागते. नायट्राइलचे हातमोजे घाला, हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) गाळणीचा व्हॅक्यूमच वापरा आणि तपासणीचा अहवाल हस्तांतराआधी लेखी मागा.

वस्तू परत मिळणारच नसेल, तर संग्रहालयाशी नुसत्या सहकार्याचा काय उपयोग?
(एक वाचक, नाशिक)

उपयोग आहे, पण वस्तू हाताळायला मिळाली तर. 2010 मध्ये ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमने ब्लॅकफूट लोकांचे पाच जुने सदरे कॅनडातल्या दोन संग्रहालयांना तात्पुरते दिले. नुसत्या प्रदर्शनावर न थांबता, समाजातल्या पाचशेहून अधिक माणसांनी ते जवळून पाहिले, हाताळले. साळिंदराचे काटे कसे गुंफलेत, शिवण कुठून सुरू होते, हे काचेपलीकडून समजत नाही. करारात हाताळण्याची सत्रं, ज्येष्ठांचं मानधन आणि विधीपुरती मोकळीक स्पष्ट लिहून घ्या.

आणि सहकार्यातून वस्तू परतही जातात. डेन्मार्क आणि ग्रीनलंड यांच्या संयुक्त समितीने 1982 ते 2001 या काळात सुमारे 35,000 वस्तू ग्रीनलंडची राजधानी नूक इथल्या संग्रहालयाकडे सोपवल्या.

वस्तूऐवजी तिची त्रिमितीय डिजिटल प्रत मिळाली तर ती स्वीकारावी का?
(एक वाचक, पणजी)

स्वीकारावी, पण मूळ वस्तूचा दावा सोडून नव्हे. तसं पत्रात लिहा. छायाचित्रांच्या मूळ फाइली मागा, नुसता संकेतस्थळाचा दुवा पुरत नाही. कोणती प्रतिमा सर्वांसाठी खुली, कोणती फक्त समाजासाठी आणि कोणती विशिष्ट हंगामातच पाहायची, हे फाइली हाती येण्याआधी ठरवा. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना घडलेली 'मुकुर्तू' ही मोफत प्रणाली अशा वाटणीसाठी चांगली आहे.