पोटात बसवलेला पंप आपोआप औषध देतो, मग गोळ्यांची आणि दवाखान्याची कटकट कायमची संपते का?

गोळ्यांची बरीचशी संपते, दवाखान्याची नाही. आणि त्या 'आपोआप' शब्दावर माझा जुना राग आहे, म्हणून लिहितोय.

माझ्या दादाच्या पोटात कातडीखाली बॅक्लोफेनचा, म्हणजे ताठरलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा, पंप आहे. अपघातात मणक्याला मार बसल्यापासून त्याचे पाय इतके ताठरायचे की पँट चढवायला दोन माणसं लागत. गोळ्या वाढवल्या की पाय सैल, पण दादा दिवसभर गुंगीत. पंपाची बारीक नळी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातच औषध सोडते, त्यामुळे मिलिग्रॅमचं काम मायक्रोग्रॅममध्ये भागतं. आधी पाठीत सुईने चाचणीचा डोस दिला होता. काही तासांनी आईने त्याचा गुडघा दुमडून पाहिला, तो सहज दुमडला आणि ती रडायलाच लागली.

आमचे भाऊजी इंजिनिअर. त्यांचं पहिल्यापासून एकच, "मशीन आहे, आपोआप चालतं." पण पंप दर काही महिन्यांनी भरावा लागतो, पोटावरून सुई घालून उरलेलं औषध काढतात, नवं भरतात. त्या वर्षी तारीख ऐन गणपतीत आली. सांगलीहून पुण्याला जायचं. भाऊजी म्हणाले, अनंत चतुर्दशी होऊ दे, चार दिवसांनी काय बिघडतंय? मी भांडलो, पण आमच्या घरात जावयाचा शब्द मोठा.

गौरी जेवल्या त्या दिवशी घरात कुठेतरी टीं-टीं वाजायला लागलं. भाऊजींचं निदान : इन्व्हर्टर. बॅटरीत पाणी घातलं. वाजायचं थांबेना, आम्हीही मग लक्ष देईनासे झालो. दोन दिवसांनी दादाला अंगभर खाज सुटली. खाण्यात काही आलं असेल म्हणून ॲलर्जीची गोळी दिली. पहाटे ताप, पाय लाकडासारखे, बोलणं असंबद्ध. तेव्हा वहिनीने त्याच्या पोटाला कान लावला. टीं-टीं तिथूनच येत होतं, पंपातलं औषध संपत आल्याचा इशारा.

जवळच्या दवाखान्यात साध्या तापाचे उपचार सुरू झाले होते. मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावून तो तसाच तिथल्या डॉक्टरांच्या हातात दिला. हे औषध एकदम तुटलं तर जीव जाऊ शकतो. पंप बसवताना मिळालेल्या कागदावर ते ठळक छापलेलं होतं. कागद देवघराच्या खणात. पुण्याला नेऊन पंप भरला, तरी माणूस ताळ्यावर यायला दोन दिवस गेले.

बसवावा का? चाचणीचा डोस लागू पडला असेल तर बिनधास्त बसवा. भरायची तारीख मात्र घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाकडे द्या, हुशार माणसाकडे नको. बॅटरी साधारण 5 ते 7 वर्षं चालते, मग ऑपरेशन करून पंपच बदलावा लागतो. एमआरआयच्या आधी आणि नंतर पंप तपासून घ्या. नळी कधी दुमडते, सरकते, जंतुसंसर्गही होतो, हे आधी सांगायला हवं होतं. आणि हे सगळं बॅक्लोफेनबद्दल. इन्सुलिनचे पंप बहुतेक शरीराबाहेर असतात, त्यांचा हिशोब वेगळा.

भाऊजी अजून म्हणतात, इन्व्हर्टरमध्ये पाणी खरंच कमी होतं.