तो परस्पर साहेबांकडे जातो, आता मी काय करू?

यावेळच्या प्रश्नांमध्ये एकच रडगाणं जास्त होतं, नागपुरातल्या मिहानपासून इतवारीपर्यंत. हाताखालचा माणूस आपल्याला न विचारता, न सांगता थेट मोठ्या साहेबांकडे जातो. दोघांतिघांनी उलट बाजूनेही लिहिलंय, म्हणजे जाणारे तेच. त्यातले काही प्रश्न घेतले. नावं कोणाचीच टाकत नाही, नागपूर तसं छोटंच आहे, सोमवारी ऑफिसात लगेच ओळखतील.

प्रश्न : मिहानमधल्या एका आयटी कंपनीत मी टीम लीड आहे. टीममधला एक मुलगा कामात हुशार आहे पण काहीही असलं की सरळ माझ्या वरच्या डिलिव्हरी मॅनेजरला टीम्स चॅटवर मेसेज टाकतो. परवा रिलीजची तारीख पुढे ढकलायचं त्या दोघांनीच ठरवलं आणि मला ते स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मिटींगमध्ये कळलं, सगळ्यांसमोर. बोलले तर म्हणतील मॅडमना इगो आहे. काय करू?

तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबरच आहे, पण आधी थोडी निवड करा. त्याने मॅनेजरला एखाद्या कोडबद्दल काही विचारलं, काही माहिती दिली, तर त्यात तुमचं काही जात नाही, ते सोडून द्या. तक्रार घेऊन गेला असेल तर तो वेगळा विषय. रिलीजची तारीख मात्र निर्णय आहे, आणि त्या निर्णयाचे फटके तुम्हालाच खायचे असतात, म्हणून भांडायचंच तर फक्त याच गोष्टीवर भांडा. सगळ्याच मेसेजवर चिडाल तर इगोवाला शिक्का बसणारच.

त्याला एकट्याला बोलवा, दोन दिवसांच्या आत, पंधरा दिवसांनी नको, शिळं झालेलं भांडण कोणालाच समजत नाही. आणि बोलायचं तर त्या एकाच प्रसंगावर. "मंगळवारी तारीख बदलली, मला स्टँडअपमध्ये कळलं. मी टेस्टिंगवाल्यांना शुक्रवार सांगून बसले होते, त्यांचा सगळा आठवडा गेला. तू आधी माझ्याकडे का नाही आलास?" एवढं बोलून गप्प बसा. खरंच गप्प बसा, आपण लोकं इथे घाई करतो, समोरचा तोंड उघडायच्या आधी आपणच लेक्चर चालू करतो.

आता तो काय म्हणेल? एक तर म्हणेल, मॅडम तुम्ही दिवसभर मिटींगमध्ये असता, मेसेज संध्याकाळी बघता, मग मी कोणाला विचारू. यात तथ्य असेल तर मान्य करा आणि रोज पंधरा मिनिटं ठरवून द्या. दुसरं उत्तर, आणि माझ्या अनुभवात हेच जास्त निघतं, की "मी गेलोच नाही मॅडम, सरांनीच मला पिंग केलं होतं." म्हणजे पोरगा वर चढला नव्हता, साहेबच खाली उतरले होते. मग त्या पोराला कितीही समजावलं तरी उपयोग शून्य, कारण मोठ्या साहेबाने विचारल्यावर 'आधी लीडला विचारतो' असं म्हणायची हिंमत दोन वर्षांच्या अनुभवाच्या पोरात कुठून येणार?

अशा वेळी मॅनेजरकडे जा, पण तक्रार घेऊन नको, मागणी घेऊन. "सर, तारीख, स्कोप, सुट्टी आणि अप्रेझल, या चार गोष्टी टीमला माझ्याकडूनच कळू द्या. टेक्निकल काहीही डायरेक्ट बोला, फक्त मला त्या चॅटमध्ये ठेवा." बहुतेक मॅनेजर याला हो म्हणतात, कारण त्यांचंही काम वाचतं.

बारावी कॉमर्सवाल्यांना हेन्री फेयॉलची 14 तत्त्वं आठवत असतील, परीक्षेपुरती पाठ केलेली. हा फ्रेंच माणूस खाणीतला इंजिनियर, पुढे त्याच कंपनीचा प्रमुख झाला, आणि 1916 साली त्याचं लिखाण छापून आलं. कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय असलेल्या आपल्या गावात त्याचं नाव खरं तर जास्त घ्यायला हवं. एका माणसाला हुकूम एकाच साहेबाचा असावा हे त्याचंच, पण दोन खात्यांतल्या बरोबरीच्या माणसांनी दरवेळी पूर्ण शिडी चढउतार करू नये, थेट बोलावं, फक्त आपापल्या साहेबांना ते माहीत असावं, हेही त्यानेच सांगून ठेवलंय. तुमच्या केसमध्ये तेवढं 'माहीत असावं' राहून गेलंय.

आणि एक करू नका. 'यापुढे सर्व विषय माझ्यामार्फतच' असा ग्रुप मेल. तो कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळतं, आणि जे बिचारे नीट वागत होते तेही बोलायचे बंद होतात.

प्रश्न : बुटीबोरीत शिफ्ट सुपरवायझर आहे. एक ऑपरेटर भाऊ आहेत, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे, मालकाच्या गावचे. मी सुट्टी नाही म्हटलं की मालकाला फोन, आणि मालक मला फोन करून म्हणतात, "अरे देऊन दे ना बे." आता बाकीचे पोट्टेही म्हणून राहिले, सुपरवायझरले काहून विचाराचं?

भाऊंशी भांडू नका, हरणार तुम्हीच. त्या दोघांचं नातं तुमच्या नोकरीच्या आधीचं आहे, आणि मालकाला गावचा माणूस फोन करतो यात त्याला बरंही वाटतं, खोटं कशाला बोला.

मालकाला एक गोष्ट मात्र माहीत नसते, की त्याच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या फोननंतर फ्लोअरवर काय झालं. ते त्याला दाखवा. रागाने नाही, शिफ्ट चार्टचा कागद घेऊन. "साहेब, त्या रात्री या दोन मशीनवर हा एकच पोरगा होता, प्रॉडक्शन एवढं पडलं, आणि त्याला डबल ड्युटी लागली." मग फक्त एकच मागा : सुट्टीचा फोन आला की तुम्ही 'सुपरवायझरला विचारून सांगतो' एवढं म्हणा, आणि तुम्हाला द्यायचीच असेल तर मला सांगा, मी देतो. म्हणजे होकार सुपरवायझरच्या तोंडून गेला पाहिजे. मालकाचं काही बिघडत नाही, त्याचा शब्दही राहतो, आणि पुढच्या वेळी भाऊंना कळतं की फोन करून शेवटी गाडी सुपरवायझरपाशीच येते.

भाऊंसाठी वेगळं. त्यांच्या सुट्ट्या कधी लागतात हे तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही पाठ आहे, पोळा, तान्हा पोळा, कापूस वेचणीचे दिवस, नात्यातली लग्नं. महिन्याच्या सुरुवातीला चहा पिता पिता म्हणा, "भाऊ, पुढच्या महिन्याचा चार्ट तुमच्यासोबत बसून करतो, तुम्हाला फ्लोअर माहीत आहे." कंपनीत सगळ्यात जुना माणूस आहे तो, त्याला कालच्या पोराने 'नाही' म्हणणं टोचतं, सुट्टी कमी आणि ते टोचणं जास्त असतं.

मशीनचं गार्ड निघालंय, वायर उघडी आहे, कुठे गॅसचा वास येतोय, असल्या गोष्टींत भाऊ असो की ट्रेनी, त्याने जो सापडेल त्याला सांगावं, मालकालाही. तिथे मान-अपमान आणायचा नाही, आणि हे फ्लोअरवर तुम्ही स्वतः सगळ्यांना सांगा.

मालकाशी दोनदा बोलूनही फोन थांबले नाहीत तर समजा की तुमचं पद नुसतं कागदावर आहे. मग पगार आणि मनस्ताप यांचा हिशेब तुम्हीच लावा, बुटीबोरी आणि हिंगणा मिळून सुपरवायझर शोधणारे कारखाने आणखीही आहेत.

प्रश्न : सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयात अधीक्षक आहे. आमचा एक कनिष्ठ लिपिक फाईल थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. वरून डिसेंबरमध्ये अधिवेशन लागलं की आमदार निवासाच्या चकरा, आणि मग आम्हाला फोन येतात.

दोन वेगळी दुखणी आहेत. फाईलचं सोपं आहे, साहेबांच्या पीएशी बोलून ठेवा की शाखेची सही नसलेली नस्ती आत घ्यायची नाही. तरीही आत गेलीच तर टिपणीवर शांतपणे लिहा की सदर नस्ती शाखेमार्फत सादर झालेली नाही. दोनदा लिहिलं की साहेबांनाच प्रश्न पडतो, कारण उद्या ऑडिटमध्ये त्या फाईलवर एकटी त्यांचीच सही दिसणार.

आमदाराच्या फोनचं म्हणाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये नोकरीच्या बाबतीत बाहेरचं वजन आणायला मनाई आहे, हे त्यालाही माहीत आहे. पण पहिल्याच दिवशी नियम काढू नका. आधी त्याला विचारा घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, बदली अडली आहे की काही बिल. पुष्कळदा त्याचा साधा अर्ज कोणाच्या तरी कपाटात पडलेला असतो, तो वर सरकवला की चकरा आपोआप कमी होतात. नाही झाल्या तर मग लेखी समज द्या.

प्रश्न : इतवारीत किराण्याचा होलसेलचा धंदा आहे, वडलांच्या काळापासून. मागच्या वर्षी मॅनेजर ठेवला. पण पोरं अजूनही माझ्याकडेच येतात, उधारीपासून गाडी भरण्यापर्यंत. मॅनेजर म्हणतो सेठ, मग मी कशाला आहे? सोडून जातो म्हणून राहिला. पोरांना कसं समजावू?

सेठ, पोरांना नका समजावू. ती येतात कारण तुम्ही उत्तर देता. वरच्या तिन्ही प्रश्नांत हीच गोष्ट आहे, जाणारा सगळ्यांना दिसतो, पण ज्याच्याकडे तो जातो त्याने पहिल्या दिवशी परत पाठवलं असतं तर दुसऱ्यांदा कशाला गेला असता.

गद्दीवर बसून एक दिवस नुसतं बघा. कामठीचा गिऱ्हाईक येतो, मागची बाकी आहे, तरी अजून दहा पोते साखर मागतो. पोरगा मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर म्हणतो बाकी क्लिअर झाल्याशिवाय नाही. गिऱ्हाईक तुमच्याकडे बघून हसतो, सेठ, आपले जुने संबंध ना. आणि तुम्ही मान हलवता. झालं. मॅनेजरची वर्षभराची इज्जत तिथे गेली, एक शब्द न बोलता, आणि ते गिऱ्हाईकानेही पाहिलं, पोरानेही पाहिलं, समोरच्या हमालानेही पाहिलं.

आता काय करायचं. मॅनेजरसोबत दुकान बंद झाल्यावर बसा आणि आकडा ठरवा, समजा पन्नास हजारापर्यंतची उधारी त्याच्या हातात, त्याच्या वरची तुमच्या. गाडी कोणती आधी भरायची, पोरांच्या सुट्ट्या, हे पूर्ण त्याचं. मग पोरांना दोघांनी एकत्र उभं राहून सांगा, तुम्ही एकट्याने नाही आणि त्याने एकट्याने तर अजिबात नाही. त्यानंतर कोणी आलं की तुमचं एकच वाक्य, "मॅनेजरला विचारलं का? तो काय म्हणाला?" विचारलं नसेल तर परत पाठवा. विचारलं असेल आणि तो नाही म्हणाला असेल तर गिऱ्हाईकासमोर त्याचंच खरं करा. चुकला असेल तर संध्याकाळी एकट्यात सांगा, पण दुपारी त्याच्या बाजूने उभं राहा. सुरुवातीला एखादा सौदा जाईल, तो जाऊ द्या, नवा मॅनेजर शोधून तयार करण्यापेक्षा स्वस्त पडेल.

दार पूर्ण बंद मात्र करू नका. मॅनेजरच पोरांना त्रास देत असेल, वजनात गडबड करत असेल, तर ते तुम्हाला कोण सांगणार? म्हणून महिन्यातून एकदा पोरांसोबत तर्री-पोहा खात बसा, मॅनेजरला सांगून. मोठ्या कंपन्या यालाच स्किप-लेव्हल मिटींग म्हणतात. ऐका सगळं, निर्णय तिथे एकही देऊ नका.

प्रश्न : माझं उलट आहे. मीच परस्पर वर गेले. मॅनेजर मॅडम कुठल्याच गोष्टीला उत्तर देत नाहीत, माझी ट्रेनिंगची रिक्वेस्ट कधीची पडून आहे. शेवटी सरांना विचारलं, तर आता मॅडम बोलत नाहीत.

जाणं चुकीचं नव्हतं, न सांगता जाणं मॅडमना लागलं. पुढच्या वेळी आधी विचारा, आणि लेखी, म्हणजे मेलवर : "मॅडम, 12 तारखेला नाव द्यायची शेवटची मुदत आहे. 10 पर्यंत ठरलं नाही तर सरांना मी विचारू की तुम्ही विचारता?" या प्रश्नाला उत्तर न देणं कठीण असतं. आणि तरीही उत्तर आलं नाही तर 11 ला बिनधास्त जा, मॅडमना सीसीत ठेवून. सध्याचं म्हणाल तर जाऊन भेटा, 'मी तुम्हाला सांगून जायला हवं होतं' एवढं एकदाच म्हणा, रिक्वेस्ट टाकल्याबद्दल माफी मागू नका.

काही गोष्टींत मात्र साहेबांची परवानगी लागतच नाही. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याप्रमाणे थेट अंतर्गत समितीकडे करायची असते, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती समिती असायलाच हवी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. 'आधी मला का नाही सांगितलं' असं तिथे कोणत्याही मॅनेजरने विचारू नये. पैशांची अफरातफर दिसली, आणि त्यात तुमचाच साहेब असेल, तर त्याच्यामार्फत जाण्यात काय अर्थ आहे, तुम्हीच सांगा.

प्रश्न : टीममधल्या एकाने मला वगळून मोठ्या साहेबांना लांबलचक मेल टाकला. साहेबांनी तो मला फॉरवर्ड केला, वर फक्त 'प्लीज हँडल'. उत्तर कोणाला देऊ?

त्यालाच, साहेबांना सीसीत ठेवून, चार ओळीत. त्याने जे विचारलंय तेवढ्याचंच उत्तर, कामाचं. मला का वगळलं हे मेलवर एका अक्षराने नको, ते केबिनमध्ये. आणि साहेबांना फोन करून थँक्यू म्हणा, खरंच म्हणा, त्या मेलला स्वतः उत्तर न देता तुमच्याकडे पाठवणारे साहेब फार कमी भेटतात.