रवाळ फोटो हवाय, लॅबने मैदा दिला!

प्रश्न : दादा, मी गिरगावात राहते, कॉलेजात आहे. पावसात चौपाटीवर एचपी फाइव्हचा (ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) रोल मारला, ४०० आयएसओवरच. लॅबमधून धुऊन स्कॅन आले तर एकदम गुळगुळीत, मोबाईलनेच काढल्यासारखे. मला जुन्या पेपरातल्या फोटोंसारखा जाडा दाणा, म्हणजे ग्रेन हवाय. मित्र म्हणतो १६०० वर पुश कर (कमी उजेड देऊन मारायचं, मग जास्त वेळ डेव्हलप करायचं), दुसरा म्हणतो गरम पाण्यात धू, दाणा फुगतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको. आधी ती निगेटिव्ह खिडकीसमोर धर आणि ५० एमएमची लेन्स उलटी करून डोळ्याला लावून बघ, फुकटातला लूप, म्हणजे भिंग आहे तो. आकाशाच्या राखाडी भागात दाणा दिसला तर फिल्म निर्दोष आहे, दाणा स्कॅनमध्ये हरवलाय. लॅबवाले नॉइज रिडक्शन लावून बारकीशी जेपीजी देतात, त्यात सगळा रवा दळून मैदा होतो. मोठा स्कॅन माग आणि नॉइज रिडक्शन, शार्पनिंग दोन्ही बंद ठेवा म्हणून सांग.

निगेटिव्हवरच दाणा बारीक असेल तर मग डेव्हलपरकडे, म्हणजे फिल्म धुवायच्या औषधाकडे बघायचं. डी-७६ नावाच्या नेहमीच्या पावडर डेव्हलपरच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं म्हणून दाणा मऊ पडतो. रॉडिनल नावाचा डेव्हलपर तसं करत नाही, कडा खणखणीत राहतात, १८९१ पासूनचं औषध आहे, आता आडोनाल किंवा आर०९ नावानेही मिळतं. आणि आपल्या मुंबईच्या हवेत पावडरचं द्रावण फार टिकत नाही पण हे काँसंट्रेट वर्षानुवर्षं राहतं, माझी बाटली तर काळ्या चहासारखी झालीये तरी काम करते. १२ मिली औषध, ३०० मिली पाणी, २० डिग्री, एचपी फाइव्ह ४०० वर मारली असेल तर ६ मिनिटं, ८०० वर असेल तर ८. ग्लोव्ह्ज घाल, ते अल्कली जाम आहे.

१६०० चं म्हणशील तर पुशने दाणा वाढतो हे खरं, पण सावल्या रिकाम्या होतात आणि रिकाम्या निगेटिव्हमध्ये दाणा कुठून येणार? पावसाळी सपाट उजेडात ८०० पुरे. टी-मॅक्स ४०० ही फिल्म घेऊ नकोस मात्र, तिचे चांदीचे स्फटिक पोह्यासारखे चपटे, दाणा बारीकच येतो. डेल्टा ३२०० फिल्मचेही चपटेच, पण ती चांगली रवाळ आहे, महाग पडते एवढंच.

गरम पाण्याचं विसर. आपल्याकडे नळालाच २८-३० डिग्री पाणी येतं, त्यात वेळ इतका कमी होतो की फोटोवर पट्टे पडतात, दाणा काही फुगत नाही. पातेल्यात बर्फ घालून त्यात औषधाचं भांडं ठेव. मी मे महिन्यात घाई करून बर्फाचे खडे थेट औषधातच टाकले होते, अख्खा रोल पाणचट आला, लग्नाचा होता, घरी अजून बोलणी खातो.

सगळ्यात स्वस्त उपाय कोणी सांगत नाही. लांबून काढ आणि क्रॉप कर. २४ बाय ३६ मिमीच्या फ्रेमचा एक चतुर्थांश तुकडा तेवढ्याच मोठ्या प्रिंटवर नेलास की दाणा दुप्पट. कोणाकडे एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) असेल तर चार-पाच ग्रेडच्या कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टच्या फोटो-पेपरवर काढ, अजून टोचेल. पण विषय बघून हां, दाणा दिसतो तो ढगात, ओल्या वाळूत, गालावर. भेळवाल्याच्या गाडीच्या गर्दीत तो हरवतो.

आणि निगेटिव्ह पंख्याखाली वाळत घालू नकोस, धूळ चिकटली की तीच दाण्यापेक्षा मोठी दिसते. बाथरूममध्ये आधी गरम शॉवर सोडून धूळ खाली बसू दे, मग टांग आणि दार लावून घे, ह्या दमट हवेत रात्रभर तरी लागेल.